वालचंदशेठची मोटार

मुंबईच्या ताडदेव येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी एका प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून नोंद झाली. त्यानंतर अशी नोंद झाली नाही. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांचे आयुष्य ठरवून दिलेले असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहराच्या रस्त्यांवर अधिकृतपणे एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. एके काळी मुंबईतील टॅक्सींची संख्या साठ हजारांच्या घरात होती आणि त्यांतील बहुतेक पद्मिनीच होत्या. कुर्ल्याच्या भंगार बाजारात या गाड्या वर्षानुवर्षे पत्र्याच्या वजनाने विकल्या गेल्या. आता मात्र उलटे झाले आहे. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत इमारतीखाली ताडपत्री पांघरून पडलेली खासगी फियाट विकत घेण्यासाठी गिऱ्हाईक येते, आधी कागदपत्रे पाहते, मग पत्रा ठोकून पाहते, आणि गाडी मूळ रंगाची, मूळ इंजिनाची असेल तर लाखांची बोली लावते. कोकणपट्टीच्या दमट हवेत पत्रा सडतो, त्यामुळे न सडलेल्या गाडीचे मोल अधिक. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, दाराची त्रिकोणी काच, क्रोमची जाळी, चाकांवरच्या चकचकीत टोप्या या साऱ्यांचे भाव आता सुटेसुटे सांगितले जातात.

ही ओढ केवळ आपल्याकडचीच नाही. युरोप-अमेरिकेत फोक्सवॅगनच्या जुन्या प्रवासी व्हॅनचे, ज्यांत लोक संसार थाटून देश हिंडले त्या गाड्यांचे भाव असेच चढत गेले. अनेक खिडक्यांच्या जुन्या फोक्सवॅगनला तेथील लिलावात दोन लाख डॉलरच्या वर किंमत आली आहे. आपल्याकडे गाडीत बिऱ्हाड थाटण्याची रीत नव्हती. राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले तेच २०२१ साली. मराठी मध्यमवर्गाच्या आठवणीतील प्रवास म्हणजे अष्टविनायकासाठी ठरवलेली मॅटॅडोर, नाही तर सहा जणांनी चार जणांच्या जागेत बसून, टपावर वळकट्या बांधून, फियाटने चढलेला खंडाळ्याचा घाट. म्हणून आपल्याकडे स्मरणरंजनाचा बाजार भरला तो फियाटभोवती.

या बाजारात गाडीचे साल, मॉडेल, मालकांची संख्या असे सारे विचारले जाते. ही गाडी ज्यांच्या हट्टामुळे मुंबईत बनू लागली त्यांचे नाव मात्र क्वचित निघते. वालचंद हिराचंद यांनी पद्मिनी कधी पाहिली नाही. तिचे नाव पद्मिनी झाले १९७४ साली, आणि वालचंद १९५३ मध्येच वारले होते.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म सोलापूर येथे २३ नोव्हेंबर १८८२ रोजी झाला. घराणे गुजराती भाषक दिगंबर जैन, पण पिढ्यांपासून महाराष्ट्रात रुजलेले. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे कापसाचे व्यापारी, सावकार आणि जैन समाजातील सुधारक म्हणून ख्यातनाम होते. आई वालचंदांच्या जन्मानंतर अल्पावधीतच निवर्तली. मुलगा शिकायला मुंबईस गेला खरा, परंतु पदवी हाती न घेताच परतला. घरच्या पेढीवर बसून व्याजाचा हिशेब करण्यात त्याचे मन रमेना. पैसा पैशातून न काढता कामातून काढावा, ही ओढ त्या वयापासूनच होती असे म्हणावे लागते. कारण संधी मिळताच त्यांनी गाठ बांधली ती एका माजी रेल्वे कारकुनाशी.

लक्ष्मणराव बळवंत फाटक हे ते कारकून. त्यांना रेल्वेच्या कामाची माहिती होती, वालचंदांकडे घराण्याची पत होती. बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या छोट्याशा टप्प्याचे कंत्राट दोघांनी घेतले आणि ते पार पाडले. फाटक-वालचंद ही जोडी पुढे रेल्वेच्या वर्तुळात नावारूपाला आली. काही वर्षांनी भागीदारी संपली, पण वालचंद कंत्राटदार राहिले, ते अखेरपर्यंत. टाटांच्या भागीदारीत स्थापन झालेल्या बांधकाम कंपनीने बोरघाटात रेल्वेचे बोगदे खोदले. कल्याणहून पुण्याकडे जाणारी गाडी आजही त्या घाटातून जाते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातून, तानसा तलावातून, मुंबईला पाणी नेणाऱ्या नळांचे कामही याच कंपनीने केले. पुढे सिंधू नदीवर कालाबाग येथे आणि ब्रह्मदेशात इरावतीवर पूल उभे राहिले. १९२६ साली हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली.

एवढ्यावर एखादा सुखाने थांबला असता. वालचंदांचा स्वभाव मात्र असा, की ज्या दारावर इंग्रजांची पाटी दिसे तेच दार ते नेमके ठोठावीत. पहिले महायुद्ध संपताना ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विक्रीस असल्याचे कळताच नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ते घेतले. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी दर पाडून ही स्पर्धा मारण्याचा प्रयत्न केला. १९२३ मध्ये सिंदियाला दहा वर्षांचा जाचक करार करावा लागला. जहाजे ७५,००० टनांच्या मर्यादेत ठेवायची आणि किनाऱ्याबाहेर जायचे नाही, अशी अट होती. वालचंदांना या कराराने काय शिकवले असेल, ते त्यांच्या पुढील वीस वर्षांच्या वागण्यावरून दिसते. परदेशी सरकारच्या कृपेने धंदा चालतो, पण उद्योग उभा राहत नाही, हे त्यांना कळून चुकले होते. तरीही प्रत्येक नव्या उद्योगासाठी त्याच सरकारचे दार वाजवण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यांच्या आयुष्यातील खरा पेच हाच होता.

मोटारीच्या कारखान्याची कल्पना मुळात एकट्या वालचंदांची नव्हे. तिचे आद्य पुरस्कर्ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्यात शिकलेल्या आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेल्या या अभियंत्याने १९३५ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, युरोप-अमेरिकेतील मोटार कारखाने पाहिले आणि मुंबईत कारखाना काढण्याची तपशीलवार योजना तयार केली. भांडवल देणारा आणि धक्के खाणारा माणूस हवा होता, तो वालचंदांच्या रूपाने मिळाला. १९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. त्याने भांडवलावरील व्याजाची हमी देण्याची तयारी दाखवली. त्या काळी भारतात मोटारी बनत नसत, जुळवल्या जात. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत आणि नंतर फोर्डने असे कारखाने थाटले होते. पेट्यांतून सुटे भाग यायचे, येथे त्यांचे नट-बोल्ट आवळायचे आणि गाडी विकायची. इंजिन, गिअर, दिवे, एवढेच काय, खिळेही परदेशी. यातून ना धातुकाम शिकले जाई, ना हत्यारे घडत.

१९३९ मध्ये वालचंद स्वतः अमेरिकेस निघाले. डेट्रॉइटला त्यांनी मोठ्या मोटार कंपन्यांशी बोलणी केली. फोर्डच्या व्यवस्थेत हिंदुस्थानचा प्रदेश कॅनडातील शाखेकडे होता आणि त्या शाखेला येथे प्रतिस्पर्धी नको होता. क्रायस्लरने मात्र तंत्र देण्याचे मान्य केले आणि १९४० मध्ये करार झाला. दरम्यान युद्ध पेटले होते, खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता आणि हमीचा प्रश्न अधांतरी राहिला होता. वालचंदांनी दिल्लीकडे मागितले ते फार नव्हते. सैन्यासाठी लागणाऱ्या ट्रकच्या मागणीचे आश्वासन, यंत्रसामग्रीसाठी डॉलर आणि आयातीपासून काही वर्षांचे संरक्षण. यांपैकी काहीही मिळाले नाही. युद्धकाळात सैन्याचे ट्रक कॅनडातून आले आणि मुंबईच्या गोदीलगतच्या परदेशी कारखान्यांत जुळवले गेले. ज्या वर्षांत हिंदुस्थानात मोटार उद्योग सहज उभा राहिला असता ती वर्षे अशी हातची गेली.

याच अमेरिका प्रवासात, मोटारीच्या शोधात असतानाच, त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी विमान उद्योजकाशी पडली. पॉली चीनमध्ये विमाने जोडण्याचा कारखाना चालवीत असे. मोटारीचे काम अडले तर विमाने का बनवू नयेत, असा विचार कोणाही शहाण्या व्यापाऱ्याच्या मनात आला नसता, वालचंदांच्या मनात आला. म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे जुळवलेले पहिले विमान उडाले. युद्धाची झळ जवळ येताच सरकारने भागीदारी मागितली आणि १९४२ मध्ये वालचंदांचा वाटा विकत घेऊन त्यांना बाजूला सारले. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली. दुसऱ्या वर्षी त्या बंदरावर जपानी बाँब पडले आणि काम लांबले. तेथे बांधलेले ‘जलउषा’ हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी पाण्यात सोडले. हा कारखानाही पुढे सरकारकडेच गेला. विमान आणि जहाज हे दोन्ही उद्योग देशाला लाभले, वालचंदांच्या हाती मात्र राहिले नाहीत. राहिली ती मोटार.

प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी १९४४ साली झाली. बिर्लांच्या हिंदुस्तान मोटर्सने दोन वर्षे आधीच, १९४२ मध्ये, पाऊल टाकले होते. कुर्ल्याला जागा घेतली गेली. युद्ध संपल्यावर यंत्रे आली आणि १९४७ साली, देश स्वतंत्र होत असतानाच, क्रायस्लरच्या परवान्यावरील डॉज, डिसोटो, प्लिमथ या मोटारी व फार्गो-डॉजचे ट्रक तेथून बाहेर पडू लागले. मोटारीची पहिली योजना आखली गेल्यापासून मध्ये एक तप उलटले होते. आज संग्राहक ज्या डॉज आणि प्लिमथ गाड्यांपुढे छायाचित्रे काढून घेतात त्यांतल्या कित्येक कुर्ल्याच्या आहेत, अमेरिकेच्या नव्हेत. ट्रकच्या चॅसिसवर स्थानिक सुतार-लोहारांनी बांधलेल्या बॉड्या तर फारच थोड्या उरल्या. लाकडी सांगाडा आणि पातळ पत्रा यांना चाळीस-पन्नास पावसाळे झेपत नाहीत.

या काळात वालचंदांची उमेद कायम होती, शरीर थकले होते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी कंपन्यांच्या कारभारातून अंग काढून घेतले. पहिल्या पत्नी जिवूबाई यांच्या निधनानंतर १९१३ मध्ये त्यांचा विवाह कस्तुरबाईंशी झाला होता. अखेरच्या आजारात कस्तुरबाईंनीच त्यांची शुश्रूषा केली. त्यांच्या मागे पुत्र नव्हता. गुलाबचंद, रतनचंद, लालचंद हे बंधू व त्यांची मुले यांच्याकडे कारभार गेला. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे वालचंदांचे निधन झाले. ज्या मागणीसाठी त्यांनी दिल्लीचे उंबरठे झिजवले ती त्याच वर्षी मान्य झाली. टॅरिफ आयोगाच्या १९५३ च्या अहवालानंतर सरकारने ठरवले, की ज्यांच्याकडे भारतात मोटार बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच येथे राहावे. नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी पुढच्याच वर्षापर्यंत गाशा गुंडाळला.

प्रीमियरने तोपर्यंत इटलीच्या फियाटशी करार केला होता. १९५४ मध्ये फियाट ११०० आली. पुढची दारे मागच्या बाजूला बिजागरी असलेली, गोलसर नाकाडाची ही गाडी मुंबईकरांनी डुक्कर फियाट या नावाने ओळखली. आज तिला सर्वाधिक मागणी असावी हा काळाचा विनोदच. नंतर एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट ही रूपे झाली, १९६४ च्या सुमारास चौकोनी बांध्याची डिलाइट आली. तीच पुढे प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून विकली गेली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे ते इंजिन किरकोळ फेरफार सोडता २००० च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत चालले.

या गाडीची बाजारातील किंमत आणि कागदावरची किंमत यांचा मेळ तेव्हाही बसत नसे, हे आजच्या खरेदीदारांना सांगायला हवे. नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षे थांबावे लागे. हातात आलेली नवी फियाट दुसऱ्या दिवशी अधिक दामाला जात असे. म्हणून १९५९ मध्ये सरकारने मोटारींच्या वाटप व विक्रीवर नियंत्रण आणले, नवी गाडी दोन वर्षे परवानगीवाचून विकता येत नसे. १९६९ मध्ये किमतीही ठरवून दिल्या. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि त्यावर निकाल झाला. ज्या संरक्षणासाठी वालचंद झगडले त्याचे पुढे असे कुंपण झाले. बाहेरचे आत येऊ शकेनात, आतल्यांना धावण्याची गरज उरली नाही. वालचंदांनी संरक्षण मागितले ते उद्योग उभा राहीपर्यंतचे. ते चाळीस वर्षे टिकेल आणि एकच गाडी पाव शतक तशीच विकली जाईल, हे त्यांना पटले असते असे वाटत नाही. जहाजापासून मोटारीपर्यंत सतत नवे शोधणारा हा माणूस एका जागी रेंगाळणारा नव्हता.

कुर्ला अपुरे पडू लागल्यावर प्रीमियरने कल्याण-डोंबिवलीच्या बाजूला, कल्याण-शीळ रस्त्यावर विस्तार केला. १९८५ मध्ये आलेली ११८ एनई ही मोटार याच कारखान्याची ओळख. फियाट १२४ च्या धाटणीची बॉडी आणि निस्सानचे इंजिन. वालचंदांचे पुतणे विनोद दोशी यांच्या हाती तेव्हा कंपनी होती. मराठी नाट्यरसिक त्यांना रंगभूमीचे आश्रयदाते म्हणून अधिक ओळखतात. उदारीकरणानंतर १९९४ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी झाली आणि प्यूजो ३०९ कल्याणला बनू लागली. कामगार संघर्ष, भागीदारांतील बेबनाव आणि दक्षिण कोरियाच्या नव्या गाड्यांची स्पर्धा यांत तो उपक्रम तीन-चार वर्षांत बुडाला. ज्यांनी या गाडीसाठी आगाऊ रकमा भरल्या होत्या आणि ज्यांनी या कारखान्याच्या भरवशावर डोंबिवलीत घरे घेतली होती, त्यांच्या आठवणीत स्मरणरंजनाचा अंश कमी आहे. तीच प्यूजो २०१७ मध्ये भारतात परतली, तेव्हा तिने अ‍ॅम्बेसेडर हे बंद पडलेल्या गाडीचे नुसते नाव ८० कोटी रुपयांना विकत घेतले. कल्याणची गाडी तिला कोणी आठवून दिली की नाही, कोण जाणे.

कुर्ल्याच्या जागेवर आज निवासी वसाहत, कार्यालये आणि रुग्णालय आहे, रस्त्याला मात्र प्रीमियरचेच नाव. डोंबिवलीतही कारखान्याच्या परिसरात उंच इमारती उभ्या राहिल्या आणि प्रीमियर मैदान हे नाव राजकीय सभांच्या पत्रिकांतून वाचायला मिळते. वालचंदांच्या स्मरणार्थ टपाल खात्याने २००४ साली तिकीट काढले. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ही नावेही आहेतच.

जुन्या मोटारींचा भाव चढण्यामागे आता कायद्याचाही हात आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळा क्रमांक मिळतो. त्यासाठी २०,००० रुपये शुल्क आहे, आणि अशी गाडी प्रदर्शन, फेरी, इंधन वा दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. एरवी पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. डुक्कर फियाट आणि डिलाइट या नियमात केव्हाच बसल्या, पहिल्या पद्मिनी २०२४ पासून बसू लागल्या. डोंबिवलीच्या हद्दीत बनलेल्या ११८ एनईला मात्र २०३५ पर्यंत थांबावे लागेल. तिचे सुटे भाग मिळेनासे झाले आहेत, तिला अजून फारशी बोली येत नाही आणि बहुतेक गाड्या आधीच भंगारात गेल्या आहेत.